शनिवारचे दोन हंडे

मुलीच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात मी एक यादी ठेवायचे. प्लास्टिकच्या पाकिटात, मजकूर बाहेरून वाचता येईल अशी. दोन फ्रॉक, एक चादर, गृहपाठाची वही, खोबरेल तेलाची छोटी बाटली, कंगवा, तापाचं औषध आणि ते किती वेळानं किती द्यायचं. शुक्रवारी दुपारी यादी समोर धरून पिशवी भरायची, रविवारी संध्याकाळी पिशवी परत आली की यादी समोर धरून रिकामी करायची. मुलगी तेव्हा चौथीत होती. शुक्रवार ते रविवार तिच्या वडिलांकडे, बाकी दिवस माझ्याकडे, असं आमचं ठरलेलं होतं.

यादी करणं हा माझा स्वभावच. वडवणीजवळच्या आमच्या गावात, माझ्या माहेरी, दूध संस्थेची सचिव म्हणून मी लग्नाआधी आणि नंतर परत आल्यावर, असं मिळून वीसेक वर्षं काम केलं. सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचं, फॅट लावायचा, ज्याचं त्याच्या नावापुढे लिहायचं. हाताला ती सवय लागली की घरातही ती सुटत नाही. डाळीच्या डब्यावर तारीख, चाव्यांना चिठ्ठी. मुलीचे वडील या सवयीला हसायचे, मग चिडायला लागले. ते साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला होते. दिवसभर उसाच्या गाड्या मोजून माणूस घरी यायचा आणि दारात मी उभी, हातात कागद. "मी घरात राहतोय का संस्थेत?" असं ते एकदा म्हणाले होते. मला त्यांचं सगळं विसरणं सहन व्हायचं नाही, त्यांना माझं काहीच न विसरणं. भांडणं मोठी नव्हती, पण रोजची होती. शेवटी बीडच्या कोर्टात दोघांच्या संमतीनं घटस्फोट घेतला. मी मुलीला घेऊन माहेरच्या गावी आले आणि दूध संस्थेजवळच दोन खोल्या घेतल्या.

घटस्फोटानंतर एक गंमत झाली. आम्ही दोघं एकमेकांना अहो-जाहो करायला लागलो. मी आधीपासून करतच होते, पण ते मला 'अगं' म्हणायचे, ते एकदम 'तुमी' म्हणायला लागले. कधी रंगात असले तर 'सेक्रेटरी'. आणि मान देऊन बोलायला लागल्यावर भांडायला जरा अवघड जातं, हे आम्हाला दोघांनाही हळूहळू कळलं.

मुलीची देवाणघेवाण पहिले काही महिने बीडच्या स्टँडवर व्हायची. पण तिथं दर शुक्रवारी कुणीतरी ओळखीचं निघायचंच. "काय, समेट झाला का?" म्हणून विचारायचं. मुलगी ते ऐकायची. मग आम्ही मांजरसुंबा ठरवलं. फाट्यावर सगळे वाटेत असतात, कुणाला कुणाकडं बघायला वेळ नसतो. त्यांचं गाव तिथून मोटारसायकलवर अर्ध्या तासाचं. मला बीडला गाडी बदलून यावं लागे, पण ते चालण्यासारखं होतं. एका ढाब्याच्या कडेच्या टेबलावर तिघं बसायचो. मुलीला रबडी, आम्हाला चहा. दहा मिनिटांत तिचा ताप-खोकला, अभ्यास, नखं, उवा सगळं बोलून व्हायचं. मग ती एकाच्या बोटाला धरून यायची आणि दुसऱ्याच्या बोटाला धरून जायची. मला वाटायचं, हे आपल्याला चांगलं जमलं आहे.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं.

संक्रांतीच्या आसपास आमच्या गावची विहीर तळाला गेली आणि टँकर सुरू झाला. जनावरं चारा छावणीत गेली. दूध एवढं कमी आलं की संस्थेत माझा हात रिकामा पडायला लागला. तिकडं कारखान्यानं गाळप घेतलंच नव्हतं. ऊसच नव्हता, काटा कशाचा चालणार? मुलीचे वडील घरी बसून होते. त्यांच्या गावातही टँकर यायचा. रोज एक खेप आणि माणशी दोन हंडे, असं दोन्हीकडं एकच माप.

त्या वर्षी मार्चमध्ये मुलगी वडिलांकडून आली ती जुलाब घेऊनच. वडवणीत दोन दिवस सलाइन लावावं लागलं. टँकरचं पाणी असं डॉक्टर म्हणाले. कुठल्या टँकरचं, ते काही ते सांगू शकत नव्हते. मी मात्र ठरवून टाकलं. घरी आल्यावर यादी काढली आणि सगळ्यात वर, दोन रेघा मारून एक ओळ लिहिली: 'पाणी – आपलं न्यायचं. तिकडचं प्यायचं नाही.' आणि उकळून गार केलेल्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन पिशवीबरोबर जाऊ लागला.

मला ती ओळ अगदी योग्य वाटली होती. ढाब्यावर मी तिच्या वडिलांना कॅन दाखवला तेव्हा त्यांनी तो उचलून बघितला.

"आई उकळून देईल की," ते म्हणाले.

"त्यांच्यामागं कावून काम लावायचं? मी आणते ना."

"बरं," ते म्हणाले आणि कॅन गाडीच्या हँडलला अडकवला.

एप्रिलमध्ये माझ्या लक्षात आलं की मुलगी रविवारी परत येते ती आंघोळ न करता. मानेवर घामाचे थर, केसांत धूळ. पायांना काळ्या भेगा. पहिल्या वेळी मी काही बोलले नाही. दुसऱ्या वेळी वहीत तारीख लिहून ठेवली. तिसऱ्या वेळी तिला विचारलं, "तिकडं आंघोळ घालत नाहीत का?"

"मीच करत न्हाई," ती म्हणाली.

"का?"

तिनं खांदे उडवले. पुढच्या शुक्रवारी म्हणाली, "मम्मी, मोठा कॅन असता तर बरं झालं असतं." मी म्हटलं, मोठा तुला उचलणार नाही. मग ती म्हणाली, "मग नको जाऊ का मी?" आणि तिच्या वडिलांकडं जाण्यासाठी सकाळपासून फ्रॉक घालून बसणारी मुलगी पायरीवरून उठेना. तिला ओढून बसपर्यंत न्यावं लागलं.

आता मला दिसत होतं ते असं: तिकडं पोरीचे हाल होतात. बापाचं काम गेलं, त्याचं लक्ष नाही. म्हातारीला होत नाही, नणंदेला पडलेली नाही. मी त्या रविवारी ढाब्यावर ठरवूनच गेले. वहीतल्या तारखा बरोबर होत्या. मुलीला रबडीची वाटी देऊन बाहेरच्या बाकड्यावर बसवलं आणि तिच्या वडिलांसमोर बसले.

"पाऊस पडेपर्यंत ती तुमच्याकडं येणार नाही," मी म्हटलं. "पाऊस झाला, पाणी झालं की बघू. तोवर तुम्ही इथं या, तासभर भेटा."

मी तारखा वाचल्या. आंघोळ नाही, आंघोळ नाही, पाय धुतलेले नाहीत, जायला रडते.

"वाचून झालं?" ते म्हणाले.

"झालं."

त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशातून काही कागद काढले. कारखान्याच्या काट्यावरच्या वजनाच्या कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. गाडी नंबर, भरलेली गाडी, रिकामी गाडी असं छापलेलं, आणि मागच्या बाजूला त्यांचं अक्षर. या माणसानं दहा वर्षांत किराणा सामानाची चिठ्ठी कधी केली नव्हती. मी वाचायला लागले.

'शनिवार. पाणी तिच्या कॅनमधलं. आईनं तांब्या भरून दिला, न्हाई म्हणली. आंघोळीला बादली भरून ठिवली, न्हाई म्हणली. भात अर्धा खाल्ला, म्हणली तहान लागती.'

'रविवार. कॅन सकाळीच संपला. दुपारपर्यंत काहीच पेली न्हाई. मी बाटली आणली दुकानातून, ती पेली.'

'शनिवार. आंघोळ न्हाई म्हणली. कावून विचारलं तर रडली. परत विचारलं न्हाई.'

पाच चिठ्ठ्या होत्या. सगळ्यात तेच.

"मी तुमाला दाखवणार नव्हतो," ते म्हणाले. "म्हणलं सेक्रेटरी चुका काढतील, शुद्धलेखनाच्या." हसायचा प्रयत्न केला, पण हसू आलं नाही. "पोरगी माझ्या घरात पाणी घेत न्हाई. कुणाला सांगू मी? आई काय म्हणती ऐकायचंय? आई म्हणती, मी लहान व्हते तवा आमाला आडावर चढू देत नव्हते. खाली बसायचं, वरून कुणी ओतलं तर ओंजळीत घ्यायचं. ते संपलं. आता आपल्या घरात आपला रांजण हाय. अन माझी नात माझ्या रांजणातलं पाणी घेत न्हाई, तर मला सांगा माझं काय चुकलं? परवा जेवलीच न्हाई आई."

मी चिठ्ठ्यांची चळत नीट केली. कोपऱ्याला कोपरा लावला.

"एक आठवडा द्या," मी म्हटलं. "मी तिला विचारते."

"आजच न्हाई का विचारत?"

"तुमच्यासमोर नाही सांगायची ती."

ते उठले, बाहेर जाऊन मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ये बरं का पुढच्या शुक्रवारी." ती रबडीची वाटी खरवडत राहिली. गाडी सुरू करताना त्यांनी एकदा मागं बघितलं.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. बीड येईपर्यंत मी काही विचारलं नाही. बीडहून वडवणीची गाडी सुटल्यावर तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, तेव्हा मी विचारलं.

"तिकडचं पाणी का नाही घेत?"

"माझं नसतंय ना तिथं."

"तुझं नसतं म्हणजे?"

मग तिनं जे सांगितलं ते तिच्या पद्धतीनं होतं, थांबत थांबत. त्यांच्या गावात टँकर सोसायटीच्या ऑफिससमोर उभा राहतो. सोसायटीचे चेअरमन खुर्ची टाकून बसतात आणि यादी वाचतात. घरच्या कर्त्याचं नाव, मग किती माणसं. "पप्पांचं नाव घेतात अन म्हणतात, माणसं तीन. आजी, पप्पा, आत्या. सहा हंडे. मी तिथंच असते, आजीच्या शेजारी. मी चौथी हाय. पण मला मोजत न्हाईत. मग मी आंघोळ केली तर कुणाच्या हंड्यातली?"

"आजी काही म्हणाली का?"

"न्हाई. आजी तर दे म्हणती. पण शेजारची बाई म्हणली, पाहुणी आली का गं, आता तुझे हंडे पुरायचे न्हाईत. आजी तिच्यावर ओरडली." मग ती उठून बसली. "अन तू लिहिलंयस ना. पाणी आपलं न्यायचं."

मी म्हटलं, "ते जुलाबासाठी लिहिलं होतं."

"तसं न्हाई लिहिलं," ती म्हणाली. "वाच तू."

घरी आल्यावर मी वाचलं. खरोखरच तसं लिहिलेलं नव्हतं. एवढी वर्षं कागद लिहिणाऱ्या बाईनं, 'आपलं' आणि 'तिकडचं' असे दोन शब्द दोन रेघा मारून लिहिले होते आणि ते नऊ वर्षांच्या मुलीच्या पिशवीत, तिच्या फ्रॉकजवळ ठेवले होते.

आता आमच्या गावच्या यादीबद्दल सांगायला हवं. टँकरची यादी आमच्याकडं मीच सांभाळत होते. दुधाचं काम कमी झालं, अक्षर बरं, आणि कुणाचं ऐकायची नाही असा माझा लौकिक होता, म्हणून सरपंचांनी ती माझ्याकडं दिली. मी ती काटेकोर ठेवली. ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या तेव्हा त्या घरांची माणसं कमी केली, परत आल्या तेव्हा वाढवली. बाळंतपणाला आलेल्या लेकींची नावं घातली, सासरी गेल्या की काढली. छावणीत जनावरांजवळ राहायला गेलेल्यांची काढली. एका म्हाताऱ्या आजीचा मुलगा छावणीत होता. तिचे दोन हंडे मी कमी केले म्हणून ती महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती.

त्या सोमवारी सकाळी टँकरशी मी यादी वाचत होते. त्या आजीचा नंबर आला. "माणूस एक, दोन हंडे."

"एक," ती म्हणाली. "बरोबर. माझा लेक हितं न्हाई, म्हणून त्याचं पाणी न्हाई. मान्य हाय मला." तिनं हंडा पाइपाखाली धरला आणि मान न वळवता म्हणाली, "बाई, एक विचारू का? तुमची पोरगी शनिवारी-रविवारी कुठं आसती?"

मागं कुणीतरी हसलं. एक बाई म्हणाली, "आगं गप ना म्हातारे."

"कावून गप? लई काटेकोर हाय ना यादी? मग पोरगी बापाकडं आसती तवा तिचे दोन हंडे कोण पितं, ते इचारते मी. नुस्तं इचारते."

मी यादी बघितली. माझ्या नावापुढे लिहिलेलं होतं: माणसं दोन. रोज. शनिवार-रविवारसुद्धा. सगळ्या गावातली माणसं मी गेली की काढत होते आणि आली की घालत होते, आणि माझ्याच घरातलं माणूस दर आठवड्याला जातं आणि येतं हे मला एकदाही दिसलं नव्हतं. आणि ते दिसलं नव्हतं याचं कारण मला तिथंच, भरलेल्या हंड्यांच्या रांगेत उभी असताना कळलं. माझ्या मनातून ती कधी जातच नव्हती. ती माझ्याच घरची होती, आणि तिकडं दोन दिवस फक्त ठेवलेली होती.

"आजी," मी म्हटलं, "तुमचं बरोबर आहे. चूक माझी आहे."

म्हातारीला हे अपेक्षित नव्हतं. ती भांडायच्या तयारीनं आली होती. "मी काय हिसाब मागत न्हाई बाई," ती पुटपुटली. "पोरीचं पाणी हाय ते. पोरीला मिळावं."

"तेच करते आता," मी म्हटलं.

संस्थेत जाऊन मी संस्थेचं पॅड काढलं. माझ्या हातून किती पत्रं गेली असतील, पण एवढी खाडाखोड कुठल्याच पत्रात झाली नव्हती. शेवटी तिकडच्या चेअरमनना साधंच लिहिलं. मुलीचं नाव. ती दर शनिवारी-रविवारी आपल्या गावी वडिलांच्या घरी राहते. त्या दोन दिवसांसाठी आमच्या गावच्या टँकर यादीतून तिचं नाव कमी केलं आहे. तरी आपल्या यादीत त्या दोन दिवसांसाठी तिचं नाव वाढवावं, ही विनंती. खाली सही, शिक्का. शिक्का दुधाच्या संस्थेचा, पण दुष्काळात कोण बघतं. सरपंचांचीही सही घेतली. ते म्हणाले, "आता पोरींची पण बदली व्हायला लागली काय?" पण सही केली.

मुलीच्या वडिलांना फोन करून सांगितलं, या वेळी शुक्रवारी नको, शनिवारी सकाळी घेऊन येते, आणि मीही येते.

"कुठं?"

"तुमच्या गावाला. टँकरवर."

पलीकडं गाडी बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "गाडीवर तिघांना बसावं लागंल."

पहाटेच्या पहिल्या गाडीनं आम्ही निघालो. मी मुलीला एवढंच सांगितलं होतं की आज तुझं नाव तिकडच्या यादीत घालायला चाललो आहोत. तिनं विचारलं, "मग आपल्याकडं?" मी म्हटलं, "आपल्याकडं शनिवारी-रविवारी तू नसतेस, तर आपल्याकडं मी एकटी." ती मनातल्या मनात काहीतरी मोजत राहिली. त्या दिवशी कॅन बरोबर नव्हता. तिनं दोन वेळा पिशवीकडं बघितलं, पण विचारलं नाही.

मांजरसुंब्याला तिचे वडील गाडीला टेकून उभे होते. पुढं ते, मध्ये मुलगी, मागं मी. कितीतरी वर्षांनी आम्ही असे बसलो होतो. पूर्वी ती टाकीवर बसायची, आता मध्ये मावेना. तिनं एक हात पुढं वडिलांच्या कमरेला आणि दुसरा मागं माझ्या हातावर ठेवला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली रानं होती.

गावात शिरताना लोक माझ्याकडं बघत होते ते कळत होतं. सोसायटीसमोर टँकर लागलेला होता, हंड्यांची रांग ऑफिसच्या भिंतीपर्यंत गेली होती. मुलीची आजी रांगेत होती. मी जयभीम केला. तिला काय म्हणावं हे मला घटस्फोटापासून कळलं नव्हतं, पण तोंडातून जुनंच आलं, "आत्याबाई."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग मुलीकडं, आणि म्हणाली, "कॅन कुठाय तिचा?"

"आणला नाही," मी म्हटलं.

चेअरमन खुर्चीवर बसले होते. मी पत्र दिलं. त्यांनी चष्मा वर सरकवून वाचलं, मागची बाजू बघितली, परत पुढची वाचली.

"हे काय, रेशनकार्डाची बदली हाय का?" ते म्हणाले. बाजूचे दोघंतिघं हसले. "बाई, दोन हंड्यांसाठी शिक्का मारून आणलाय तुमी?"

"तिकडून कमी केलेत, म्हणून आणलाय," मी म्हटलं. "एक माणूस दोन गावांत नको."

"कमी केलेत, खरं?"

"यादी मीच वाचते तिकडं."

त्यांनी मुलीच्या वडिलांकडं बघितलं. "काय रं, तुझी बायको हाय का ही?"

"न्हाई," ते म्हणाले. "माझ्या पोरीची आई हाय."

चेअरमननी आणखी थोडा वेळ पत्र बघितलं. मग खिशातलं पेन काढलं, यादीत ती ओळ शोधली आणि तिथंच लिहिलं. कागद घडी करून यादीच्या मागं टाचला. मी बघत होते, टाचणी नीट बसली का.

नावं पुढं चालली. आमचा नंबर आला तेव्हा त्यांनी मुलीच्या वडिलांचं नाव घेतलं आणि म्हणाले, "माणसं चार."

"नाव घ्या तिचं," आजी रांगेतून म्हणाली.

"आगं चार म्हणलं की."

"चार म्हणू नका. नाव घ्या. लोकांना कळू द्या कोण हाय चौथं."

चेअरमननी मुलीचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, शाळेत हजेरी घेतात तसं. मुलगी आजीच्या शेजारी उभी होती. ती "हजर" म्हणाली आणि सगळी रांग हसली. ती मात्र हसली नाही. घरी पळत गेली आणि एक छोटी कळशी घेऊन आली. तिची तिनं पाइपाखाली धरली, काठोकाठ भरली, आणि डोक्यावर घ्यायचा हट्ट केला. दोन हंडे भरायला तिला चार खेपा लागल्या. वडील बरोबर चालत होते, पण तिनं त्यांना एकदाही हात लावू दिला नाही. वाटेत सांडलेलं पाणी बघून प्रत्येक वेळी ती "अरे अरे" करत होती.

त्या घरात मी पाच वर्षांनी पाऊल ठेवलं. आजीनं सतरंजी टाकली. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो जिथं होता तिथंच होता. चुलीवर पातेलं चढलेलं होतं. मी बसले. आल्यागेल्यासारखी, काठावर. मुलीचे वडील उगाच गाडीची साखळी बघायला बाहेर गेले.

मुलगी आतून आली. हातात भरलेला तांब्या होता आणि वर पेला झाकलेला. माझ्यासमोर बसली आणि पेला भरला.

"मम्मी, पाणी घे."

माझ्या ओठांवर आलं होतं, उकळलं आहे का? ती माझं तोंड ओळखते.

"आजीनं उकळलंय," ती म्हणाली. "अन माझ्यातलं हाय. आजीच्यातलं न्हाई. घे."

आजी चुलीपाशी पाठ करून बसली होती, पण तिचे हात थांबले होते. दारात सावली आली, तिचे वडील उंबऱ्याशी उभे होते.

मी पेला तोंडाला लावला आणि सगळा संपवला. मुलीनं तो माझ्या हातातून घेतला, परत भरला, आणि या वेळी स्वतः प्यायली.